आत्याचा स्वेटर, दुसऱ्यांदा

आत्यासाठी मी एकच स्वेटर दोनदा केला असं म्हटलं तरी चालेल. पहिला सरप्राइज म्हणून केला, तो कपाटात गेला. दुसरा तिला विचारून, पदरासकट माप घेऊन केला, तो सध्या रोज पहाटे अंगणात दिसतो असं वहिनी, म्हणजे आत्याची सून, सांगते. मधे एक वर्ष गेलं आणि बाबांच्या भाषेत "दोन साड्यांचे पैसे". क्रोशाने घरच्या माणसासाठी अंगात घालायचं काही करायचं म्हटलं की जिथे जिथे माणूस आपटतो त्या बहुतेक सगळ्या ठिकाणी मी आपटले, म्हणून आकड्यांसकट लिहून ठेवतेय.

आधी माणूस सांगते, कारण माझं सगळं तिथेच चुकलं होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय ७४, राहायला निफाड तालुक्यात, घरामागे द्राक्षाची बाग. निफाडची थंडी ज्यांनी फक्त पेपरात वाचलीय त्यांना सांगते, ती खरीच तशी असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहावर आला की बातमी होते आणि इकडे बागेत रात्रीतून शेकोट्या पेटतात, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. अशा हवेत आत्या पाचला उठते, पाणी तापवायला बंब पेटवते, अंगण झाडते आणि मग शेकोटीपाशी चहा घेते. नेसणं कायम गोल साडी, सकाळी पदर डोक्यावरून. शुगर आहे, आणि उजवा खांदा तीन वर्षांपासून जखडलेला. शुगर असलेल्यांना हा फ्रोजन शोल्डर जास्त होतो म्हणे. हात पुढे जेमतेम छातीइतका उचलतो, मागे तर जातच नाही. दोन रेडिमेड स्वेटर तिने बगलेत उसवून टाकले, घालताना ओढाओढी करून. शाल घेतली तर झाडताना घसरते. मग काकांचं जुनं जर्किन चढवून बसायची, जे घालायला वहिनीला बोलवावं लागायचं, आणि हे तिला अजिबात आवडत नाही. ७४ वर्षांच्या बाईला कपडे घालायला दुसऱ्याला हाक मारावी लागणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं, मला फक्त "आत्याला थंडी वाजते" एवढंच कळलं होतं.

तर पहिला प्रयत्न. भाऊबीजेला बाबा तिच्याकडे जातात, ओवाळणीबरोबर आपला स्वेटर जाईल अशी माझी कल्पना. तिला कळू द्यायचं नाही. आईकडे तिचा एक ब्लाऊज आला होता, त्याची छाती मोजली, ३८ इंच. दोन इंच ढिलाई धरून ४० चा स्वेटर. रंग फिक्का जांभळा, कारण इन्स्टावर तेव्हा तोच चालला होता आणि मला आवडला होता. हे वाक्य आज लिहितानाही लाज वाटतेय, आत्याला काय आवडतं हा प्रश्न डोक्यात आलाच नाही. धागा चार प्लायची अॅक्रिलिक लोकर, डिझाइन जाळीचं, खांब-साखळी-खांब असं, म्हणजे एक उंच उभा टाका, मग मोकळी साखळी, परत उभा टाका. पुढे सात छोटी मोत्याची बटणं. बाह्या मनगटापर्यंत, दंडाला घेर १४ इंच. महिना-दीड महिना ऑफिसमधून आल्यावर बसून केला, फोटो तर असले भारी आले की दोघी मैत्रिणींनी ऑर्डर देऊ का विचारलं.

भाऊबीजेला आत्याने तो हातात घेतला, चारदा उलटासुलटा केला, "किती नाजूक केलंस गं" म्हणाली आणि बाबांना म्हणाली "पोरीच्या हातात कला आहे." अंगात घातला नाही. म्हणाली आत्ता उकडतंय, थंडीत घालीन. मी खूश.

जानेवारीत वहिनीचा फोन, बोलता बोलता म्हणाली, अगं तुला सांगू नको म्हणाल्यात, पण आई तो स्वेटर घालत नाहीत. एकदा घातला होता. मग तिने एकदाच काय झालं ते सांगितलं आणि मी वहीच काढली लिहायला. सकाळी आत्याने आधी डावा हात घातला, सवयीप्रमाणे, मग उजवा मागे नेऊन बाहीत घालायचा तर तो मागे जाईना. वहिनीने मदत केली तेव्हा गेला, पण पदरासकट अंगावर स्वेटर इतका घट्ट बसला की बटणं लागेनात. लागली असती तरी सकाळी तिची बोटं आखडलेली असतात, मोत्याची बटणं चिमटीत येत नाहीत. तसाच उघडा घालून अंगणात गेली तर जाळीतून वारा आरपार. झाडताना बांगडी बाहीच्या जाळीत अडकली. घरात आल्यावर काढायला गेली तेव्हा मंगळसूत्राची वाटी गळ्याच्या कडेच्या टाक्यात अडकली आणि धाग्याचा एक लांब फास ओढून बाहेर आला. तो फास तिने सुईने परत आत घातला, म्हणजे मला दिसू नये म्हणून, आणि घडी करून डांबराच्या गोळ्यांबरोबर कपाटात. पुढे एकदा धुतला तर तारेवर वाळत घातलेला दोन इंच लांब होऊन उतरला.

मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. एवढे तास घातले त्याचं काय. दोन दिवसांनी राग उतरल्यावर तोच फास डोळ्यासमोर यायला लागला, म्हातारीने चष्मा लावून सुईने आत घातलेला.

आता यातल्या चुका वेगवेगळ्या करून बघितल्या तर काही माझ्या अंदाजाच्या होत्या आणि काही क्रोशाच्या स्वभावाच्या होत्या. क्रोशाचं कापड सुयांवरच्या विणकामासारखं ताणत नाही. दोन सुयांवर विणलेला स्वेटर दोन इंच कमी पडला तरी अंगावर जमवून घेतो, क्रोशाचा खांब आहे तिथे उभा राहतो. शिवाय क्रोशा जाड होतो, लोकर जास्त खातो, त्यामुळे जड होतो, आणि जड असल्यामुळे खाली लोंबतो. म्हणजे आडवा द्यायचा तिथे देत नाही आणि उभा नको तिथे वाढतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, रुमाल, तोरणं, टीव्हीची कव्हरं घरात सगळ्यांनी केलीत, पण टीव्हीला हात वर करायचे नसतात.

जूनमध्ये दोन दिवस सुट्टी काढून निफाडला गेले. आत्याला सरळ सांगितलं, मला कळलंय, आणि मला नवीन करायचाय, आणि या वेळी तू सांगशील तसा. आधी "कशाला गं उगा, आहे की तो" वगैरे झालं. मग म्हणाली, "करायचाच असेल तर अंधारातला रंग कर. बंबाचा काळा लागतो." अंधारातला रंग म्हणजे गडद. शेवटी मरून ठरला, तिच्या तीन साड्यांवर चालतो म्हणून. मग एकेक निघायला लागलं. खिसा पाहिजे, पण आतून, बाहेरच्या खिशात नातवंडं हात घालतात. खिशात काय, तर रुमाल, तपकिरीची डबी आणि शुगर उतरली तर तोंडात टाकायला लिमलेटच्या गोळ्या. मी म्हटलं डाव्या बाजूला करते आतून, शर्टाला असतो तसा. ती म्हणाली, "डाव्या बाजूच्या खिशात हात उजवा जातो. माझा उजवा कुठे चालतो? उजवीकडे कर." मी गप्प बसले. तीन वर्षं सगळं डाव्या हाताने करणाऱ्या बाईला मी शर्टाचा खिसा शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला तिच्या खोलीत बसले आणि फक्त बघितलं, ती जर्किन कसं घालते. त्या अर्ध्या तासात जे कळलं ते महिनाभर फोनवर विचारून कळलं नसतं. ती उभी राहून घालायला बघते आणि तोल जातो, म्हणून पलंगाच्या कडेला बसते. डावा हात आधी घालते, मग अडकते. तिच्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलेलं असतं की दुखरा हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी, पण जर्किनची बाही इतकी ताठ आणि अरुंद की दुखरा हात आधी आत जातच नाही, म्हणून तिने ते सोडून दिलेलं. म्हणजे उपाय माहीत होता, कपडा आडवा येत होता. खाली बसताना ती एक गुडघा उभा करून बसते, त्यामुळे खालची बटणं लावलीच तर पोटावर कपडा गोळा होतो. आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचलेला, स्वेटर त्याच्या वर संपला पाहिजे.

मापं तिथेच घेतली, साडी, ब्लाऊज, पदर, सगळ्यावरून, जशी ती स्वेटर घालताना असते तशी. टेप न्यायला विसरले होते, एवढी तयारी करून! वहिनीने बेदाण्याच्या पोत्याची सुतळी दिली, तिला गाठी मारून मापं घेतली आणि नंतर शाळेच्या पट्टीवर मोजली. पदरावरून छाती ४३ इंच. ब्लाऊजची ३८ होती हे आठवतंय ना? पाच इंच नुसता पदर आणि साडीचे थर. खांद्यापासून किल्ल्यांच्या वरपर्यंत लांबी २२. दंड १३. बाही कोपराखाली वीतभर, त्याच्या पुढे नको, भांड्याला हात घालताना भिजते.

पुण्याला आल्यावर धागा. अॅक्रिलिक मी या वेळी ठरवून टाळलं आणि त्याचं कारण बंब. गॅसवर चिमट्यात धरून दोन तुकडे जाळून बघितले, तुम्हीही बघा एकदा, खिडकी उघडून, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून. अॅक्रिलिकचा तुकडा भसकन पेटला, वितळून चिमट्यालाच चिकटला आणि गार झाल्यावर काळा कडक मणी झाला. खऱ्या लोकरीचा तुकडा केस जळल्यासारखा वास मारत धुमसला, ज्योतीपासून बाजूला घेतला तसा विझला आणि बोटात चुरडला तर राख. रोज पहाटे जाळापाशी बसणाऱ्या माणसाच्या अंगावर वितळणारा धागा घालायचा नाही एवढं त्या मण्याकडे बघून ठरलं. लोकरही जळते, ती काही जादू नाही, पण अंगाला चिकटत नाही.

मग लोकर म्हटल्यावर आत्याचा पहिला प्रश्न, घोंगडीसारखं टोचणार नाही ना. रास्त प्रश्न आहे. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीला उत्तम, गळ्याला नको. लोकरीचा तंतू साधारण ३० मायक्रॉनच्या वर जाड असला की त्वचेला टोचायला लागतो, मेरिनो मेंढीचा त्याच्यापेक्षा बराच बारीक असतो. म्हणून मेरिनो, तीही सुपरवॉश, म्हणजे प्रक्रिया केलेली, चुकून वॉशिंग मशीनमध्ये गेली तरी आटून बाहुलीचा स्वेटर होणार नाही अशी. वहिनीवर माझा विश्वास आहे पण भाच्यावर नाही. सुपरवॉशचा एक दुर्गुण म्हणजे भिजली की सैलावते आणि वाढते, त्याचा हिशोब आधीच करावा लागतो.

हा हिशोब म्हणजे नमुना, सहा बाय सहा इंचाचा चौकोन. क्रोशा करणाऱ्यांपैकी निम्म्या जणी तो करत नाहीत, मीही पहिल्या वेळी केला नव्हता. ५ मिलिमीटरची सुई, टाका अर्धा खांब. हा टाका निवडला कारण खांबासारखी फट पडत नाही आणि मुक्या खांबाइतका, म्हणजे बुटक्या घट्ट टाक्याइतका, पुठ्ठा होत नाही. इथे एक आडवळणाची गोष्ट, युट्यूबवरून शिकणाऱ्यांनी नीट लक्षात घ्या. अमेरिकन लोकांचा डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, आणि ब्रिटिश लोकांचा डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. नाव एक, टाके दोन. आपली साखळी, मुका खांब, खांब ही नावं जास्त सरळ आहेत, नुसतं ऐकून टाका डोळ्यासमोर येतो.

तर नमुन्यात ४ इंचात १३ टाके आले आणि ४ इंचात १० ओळी. मग तो धुतला, टॉवेलात दाबला, वाळवला, आणि वरून दोरीला लावून खालच्या कडेला कपड्यांचे आठ चिमटे लटकवून रात्रभर ठेवला. सकाळी त्याच १० ओळी सव्वाचार इंच. रुंदी जवळपास तेवढीच. म्हणजे अंगावर स्वतःच्या वजनाने तो एवढा वाढणार. २२ इंच लांबीला सरळ हिशोबाने ५५ ओळी लागल्या असत्या, या लटकवलेल्या हिशोबाने ५२ पुरल्या. तीन ओळींचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण त्या तीन ओळी म्हणजे किल्ल्यांवर लोंबणारा सव्वा इंच. नमुना किचनच्या काट्यावर ठेवला, १७ ग्रॅम. सगळ्या तुकड्यांचं क्षेत्रफळ साधारण १५५० चौरस इंच येत होतं, त्याला ३६ ने भागून १७ ने गुणलं, ७३० ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅमचे १५ गुंडे पुरले असते, १७ घेतले, सगळ्यांवर रंगाचा लॉट नंबर एकच आहे हे दुकानातच एकेक लेबल वाचून बघितलं. वेगळ्या लॉटचा मरून ट्यूबलाइटखाली सारखा दिसतो आणि उन्हात पट्टा मारतो. खर्च सहा हजारांच्या जवळ गेला, बाबांचा साड्यांचा हिशोब तो हाच.

आता कपडा. छातीला ४३ अधिक ५ ढिलाई, ४८ इंच, म्हणजे १५६ टाके. घोळापासून वर, पाठ आणि दोन्ही पुढे एकसंध, बाजूला शिवण नाही. २७ ओळी झाल्यावर पुढचे ३९, पाठीचे ७८, पुढचे ३९ असे वेगळे करून प्रत्येकी आणखी २५ ओळी, पुढे गळ्याचा उतार देत. म्हणजे बाहीची खाच साडेदहा इंच खोल, पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वाटते हातात घेतल्यावर. बाही वर २१ इंच घेराची, ६८ टाके, खाली ११ इंच, ३६ टाके. ३२ टाके कमी करायचे, एका वेळी दोन, म्हणजे १६ वेळा. आधी चार ओळी सलग, मग एकाआड एक ओळ, बरोबर २८ ओळींत बसतं. बाही सरळ खाली न जोडता बगलेत तीन इंचाचा चौकोनी तुकडा वेगळा विणून तिरका बसवला. शर्टाच्या बगलेत जुने शिंपी असा तुकडा घालायचे, हात हलला तरी सगळा सदरा वर ओढला जात नाही. माझ्या मते या अख्ख्या स्वेटरमधली सगळ्यात कामाची गोष्ट हा तीन इंचाचा तुकडा आहे आणि तो फोटोत कुठेच दिसत नाही.

खांद्याच्या शिवणीला आणि मागच्या गळ्याला आतून सुती पट्टी शिवली, पाऊण किलो वजन तिथून लटकणार म्हणून. गळ्याची आणि पुढची कड मरून सुती धाग्याने, घट्ट मुक्या खांबात, एकही भोक न ठेवता. मंगळसूत्र तिथे फिरतं. बटणं तीनच, तुळशीबागेतून आणलेली, नारळाच्या करवंटीची, जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढी, आणि काजं त्याहून सैल. टिचबटणं लावू का असं मनात होतं, ती दाबायला आणि उघडायला चिमटीत जोर लागतो, म्हणून नाही.

गौरी-गणपतीला आत्या पुण्याला आली तेव्हा धड तयार होतं आणि उजवी बाही कच्च्या टाक्यांनी लावली होती. ट्रायल घेतली. पलंगावर बसली, उजवा हात मांडीवर ठेवून बाही त्याच्यावर चढवली, पाठीमागून डाव्या हाताने ओढून घेतला, झालं. मला वाटलं जिंकलो. मग म्हणाली, "हे डावं-उजवं मला अंधारात कळायचं नाही." पाचला लाइट असतेच असं नाही. म्हणून उजव्या बाहीच्या तोंडाशी आतून एक जाड कंगोरा विणला, बोट फिरवलं की हाताला लागतो. आणि ट्रायलमध्येच दिसलं की एक पुढा दुसऱ्यापेक्षा चिंचोळा आहे. मोजले तर ३९ ऐवजी ३६ टाके. मॅच बघत विणलं होतं त्या रात्रीचं. पंचवीस ओळी उसवल्या, आत्यासमोरच. ती म्हणाली, "राहू दे गं, कोण बघतंय." मी म्हटलं तू बघशील, आणि ती हसली, कारण तिने खरंच बघितलं असतं आणि खरंच सांगितलं नसतं.

एकूण टाके धड आणि बाह्या मिळून अकरा हजारांच्या आसपास, उसवलेले वेगळे. दसऱ्याला संपला. धुतला, पिळला नाही, टॉवेलात गुंडाळून दाबला, पंख्याखाली चटईवर आडवा पसरून दोन दिवस वाळवला. धुण्याची ही कृती मोठ्या अक्षरात कागदावर लिहून वहिनीला दिली, "तारेवर टाकू नका" याच्याखाली दोन रेघा.

या भाऊबीजेला तिने तो लगेच घातला, उकडत असताना. आता वापरात काय दिसतंय ते सांगते, कारण सगळं छान झालं असं नाहीये. बंबाचा काळा लागतो पण दिसत नाही, हे तिचं बरोबर. मंगळसूत्र अजून अडकलेलं नाही. वहिनीला हाक मारावी लागत नाही, हे मला आत्याने नाही, वहिनीने सांगितलं. लांबी महिनाभरात अर्धा इंच वाढली, म्हणजे नमुन्याच्या अंदाजापेक्षा थोडी जास्तच, बसल्यावर किल्ल्यांना टेकते. पुढच्या वेळी ५१ ओळी. तीन बटणांतलं ती वरचं एकच लावते, खालच्या दोन बटणांना काही काम नाही. मनगटं उघडी राहतात आणि गार पडतात अशी तक्रार आली, म्हणून उरलेल्या गुंड्यातून बिनबोटांचे हातमोजे करून पाठवले. भांडी घासताना ते काढून ती आतल्या खिशात ठेवते, तपकिरीच्या डबीबरोबर, त्यामुळे आता हातमोज्यांना तपकिरीचा वास येतो आणि ते घातले की तिला शिंका येतात. याला माझ्याकडे उपाय नाही. पहिला जांभळा स्वेटर मी उसवायला मागितला होता, तो दिला नाही. तिची नात नाशिकला कॉलेजात घालून जाते, जाळीचा, आखूड, अंगाला घट्ट. तिला म्हणे तसाच पाहिजे होता.

गेल्या आठवड्यात बाबा निफाडहून आले, बेदाण्यांची पिशवी घेऊन. पिशवीत वर सुतळीची एक गुंडाळी होती. आत्याला फोन लावला तर म्हणाली, "तुझ्या काकांचं माप आहे. त्यांना गुपचूप करायचाय, सांगू नकोस. झोपलेले होते तेव्हा घेतलंय." सुतळी पसरून बघितली. पाच गाठी आहेत. कुठली छातीची आणि कुठली बाहीची हे तिलाही आता आठवत नाहीये.